भुताची साडी

माय, काही झालं की आधी तुला सांगावंसं वाटतं, ही खोड तू गेल्यावरही सुटली नाही. तर ऐक. उद्या मला भूत व्हायचं आहे. हसू नको. शाळेत हॅलोवीनची पार्टी आहे. हे काय असतं ते तुला माहीत असायचं कारण नाही, मलाही परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. परदेशात म्हणे ऑक्टोबरच्या शेवटी पोरं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, आणि डांगर पोखरून त्याला डोळे-दात काढून आत दिवा लावतात. आपण डांगराची भाजी करतो, ते त्याचं भूत करतात. मोबाईलमधून हे सगळं आता आपल्या बुऱ्हाणपुरात येऊन पोचलंय, आणि लालबागकडच्या शाळेतल्या पोरांनी, ज्यांना मी अजून हिंदीची बाराखडी घोटवते, त्यांनी हट्ट धरला की आम्हालाही हॅलोवीन पाहिजे. शाळेचे मालक, म्हणजे आमचे सर, त्यांना असलं काही सुचवलं की हर्षच होतो. फोटो चांगले येतात ना.

तयारी माझ्याकडे आली. बालदिन असो, संक्रांत असो, पताका कापायला मीच असते. आणि खोटं कशाला बोलू, आधी मला मजाच येत होती. सरांच्या मिसेस म्हणाल्या, विदेशी भुतं नकोत, आपलं देशी भूत करू. तो जुना काळा-पांढरा सिनेमा घेऊ, ज्यात पडकी हवेली आहे, धुकं आहे, आणि पांढरी साडी नेसून हातात मेणबत्ती घेतलेली बाई रात्रीची फिरते. सगळ्यांना पटलं. मग मी कूलरच्या खोक्यांची हवेली केली. जसोंडी गावच्या एका पालकांनी केळीची वाळलेली पानं ट्रॉली भरून पाठवली, ती व्हरांड्यात टांगली तर वारा आला की अशी खसखस करतात की माझ्याच अंगावर काटा येतो. धुक्यासाठी लोबान जाळायचं ठरलं. डांगरं मी पोखरली आणि आतला गर आमच्या शाळेतल्या मावशी डब्यात भरून घरी घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याचे घारगे खायला घातले. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग मीटिंगमध्ये प्रश्न आला, ती बाई कोण होणार? एक मॅडम म्हणाली, माझी सासू पांढरं अंगावर घेऊ देत नाही. दुसरी म्हणाली, आत्ताच करवा चौथ झालाय, सर, असं अपशकुनी नको. तिसरीचं लग्न ठरलंय, तिला तर कोणी विचारलंसुद्धा नाही. माय, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. कोणी टेबलाकडे बघतंय, कोणी पंख्याकडे, कोणाच्या पर्समधलं काही सापडतच नाहीये. बघितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, आप कर लीजिए ना. आपको तो कोई... मतलब, आपकी हाइट भी अच्छी है." हाइट! फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत माझा हात पोचत नाही, स्टुलावर चढून तारीख लिहिते मी. पण ते वाक्य कुठं निघालं होतं आणि कुठं वळलं ते खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. पांढरं नेसायला मोकळी अशी मी एकटीच. मी म्हटलं, "जी सर."

का म्हटलं, असं तू विचारशील. सांगते. माझी नोकरी दर एप्रिलला नव्यानं ठरते. मी बी.एड. नाही, आणि सर दर वर्षी मोठ्या मनानं मला ठेवून घेतात, "आप तो घर के हैं" म्हणतात. घरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि शाळा सुटली तर मी जाऊ कुठं? बुधवारा मोहल्ल्यात दीर-जावेकडे माडीवरची खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, कोणी टाकून बोलत नाही. जाऊ वाईट नाही गं. वाईट असती तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं. पण सकाळी आठ ते दुपारी दोन एवढाच वेळ माझा आहे, बाकी सगळा त्यांचा. शाळेचा तेवढा वेळ गेला की मग त्या स्वयंपाकघरात मी, कणीक आणि कुकर, मरेपर्यंत. आणि तरी, हो म्हटल्यापासून मला झोप नाही, कारण तुझी शपथ.

तो सिनेमा आपण दोघींनी पाहिलाय, आठवतं? मी चौथीत असेन. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. तू दिवसभर चरख्यावर लूमवाल्यांच्या कांड्या भरायचीस, लाल, हिरवं, राणी कलरचं सूत हातातून फिरायचं, आणि अंगावर मात्र पांढरं पातळ. संध्याकाळी तुझ्या त्या पांढऱ्यावर रंगीत सुताची लव चिकटलेली असायची, मी ती वेचत बसायची. टॉकीजला जुना सिनेमा लागला आणि मी जेवणच सोडलं. शेवटी तू चरखा थांबवलास, म्हणालीस, "चाल व, पण कोणाला सांगजो नको." सिनेमाभर मी तुझ्या कुशीत तोंड खुपसून बसले होते, तू मात्र शेंगदाणे खात टक लावून बघत होतीस. शो सुटला. दारापाशी अंधार, तू पुढे, डोक्यावर पदर. आणि समोर बापाच्या खांद्यावर एक लहान पोरगी, तिनं तुला बघितलं आणि टाहो फोडला, "भूत! भूत!" सगळी टॉकीज हसली. तो बाप बिचारा शरमला, "माफ करना बहनजी" म्हणायला लागला. तू पदर मागे सारलास, उरलेल्या शेंगदाण्यांची पुडी तिच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "घे माय, भुताचा खाऊ." लोक आणखी हसले. तूही हसलीस.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी मात्र तू एकदम थांबलीस. म्हणालीस, "मी काय म्हणते, सिनेमा तर काळा-पांढरा होता. तिचं लुगडं गुलाबी बी असेल. आपल्याला कुठं दिसून राहिलं?" मी म्हटलं, हो माय, असेल. त्यानंतर तू टॉकीजची पायरी चढली नाहीस. का, ते मला तेव्हाच कळलं होतं, मी विचारलं नाही.

आणि मग माझ्यावर तीच वेळ आली. हे गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यांचे दिवस झाल्यावर माहेरच्यांनी पांढरं पातळ आणायचं, ही आपल्याकडची रीत. ओटीवर बाया बसलेल्या, मी मध्ये, डोळे सुजलेले. तू आलीस, पिशवीत हात घातलास आणि राणी कलरची साडी काढलीस. जरीच्या काठाची. भडक! अख्ख्या बुधवाऱ्यात कोणी अंगावर घातली नसेल अशी. माझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "हे काय वं? हे शोभतं का?" तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. घडी मोडत म्हणालीस, "दोन घरांत मिळून एक भूत पुरे. मी आहे ना." आणि माझ्या खांद्यावर ती साडी टाकलीस. नंतर स्वयंपाकघरात नेऊन माझं मनगट असं धरलंस की वळ उठले. "अंगाला पांढरं लागू देशील तर माझी शपथ आहे तुला." तू हे नुसतं बोलून सोडलं नाहीस. पुढे एकदा मी हौसेनं क्रीम कलरची साडी घेतली तर दारातच उभी राहून माझा उद्धार केलास. मी म्हटलं, अगं माय, क्रीम आहे हे. तर म्हणालीस, "साय आली म्हणून दूध काय काळं होतं?" परत करायला लावलीस. दुकानदारासमोर माझी मान खाली.

तर शुक्रवारी ट्रायल झाली. सरांच्या मिसेसनी आणलेली साडी जॉर्जेटची, इतकी पातळ की आरपार पेपर वाचता यावा. माझ्या ड्रेसवरूनच त्यांनी ती गुंडाळली, केस सोडले, हातात मेणबत्ती दिली. कपाटाच्या काचेत बघितलं तर तू. माय, तूच, तशीच, फक्त लव चिकटलेली नाही. मी व्हरांड्यात आले, आणि जी पोरं रोज माझ्या ओढणीला हात पुसतात ती किंकाळ्या फोडत पळाली. सगळे टाळ्या वाजवत होते.

साडी सोडून मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, एक विचारायचं होतं. तो सिनेमा काळा-पांढरा आहे. त्या बाईची साडी गुलाबीही असू शकते, आपल्याला कुठं दिसते? मी दुसऱ्या रंगाची नेसले तर? तुझंच वाक्य, त्यांना काय माहीत. सर खूश झाले, टेबलावर हात मारला. "वा मॅडम, क्या बात कही! लेकिन गुलाबी भूत से कौन डरेगा?" मग चष्मा काढून, अगदी मायेनं म्हणाले, "और अप्रैल का आप टेंशन मत लीजिए. मैं हूँ ना." एप्रिलचं मी नावही काढलं नव्हतं. हा माणूस गळा दाबतो तोसुद्धा हळूच, शाल गुंडाळल्यासारखा. मी पुन्हा "जी सर" म्हणून बाहेर आले, आणि स्वतःची इतकी चीड आली की घरापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही.

काल दिवसभर पळवाटा शोधल्या. ताप आला म्हणू? डॉक्टरची चिठ्ठी मागतील. खरं सांगू? काय सांगू, माझ्या मेलेल्या आईची शपथ आहे? हसतील नाहीतर रडतील, दोन्ही मला नको. आज दुपारी जेवणं झाल्यावर माडीवर गेले, ट्रंक उघडली, तुझी राणी कलरची साडी काढली आणि खाली जावेच्या मशीनवर घेऊन बसले. मध्यावर कात्री लावली. जाऊ धावत आली. "माय व! आईची साडी कापली?"

"परकर शिवून राहिले. आणि ब्लाउज. पूर्ण बाह्यांचं."

"उद्याच्या पांढऱ्याखाली? राणी कलर?" तिनं तोंडावर हात ठेवला. "सगळा दिसेल ना वरून!"

"दिसू दे की."

तिनं मशीनच्या सुईत दोरा ओवून दिला. पहिल्यांदाच मला ती जवळची वाटली.

म्हणजे बघ, अंगाला पांढरं लागणार नाही. गळ्यापासून पायापर्यंत तू, वर नुसतं सरांचं पांढरं. डोक्यावरचा पदर तेवढा केसांना लागेल, तेवढं चालवून घे. मेणबत्तीच्या उजेडात भूत गुलाबी दिसेल, सरांना कळेल तेव्हा मी व्हरांड्याच्या मधोमध असेन आणि पोरं ओरडत असतील. मग काय होईल ते एप्रिलमध्ये होईल. ठेवलं तरी मी इथेच आहे, काढलं तरी इथेच, माडीवर. फार काही सुटलं असं नाही.

हे पत्र मी घडी करून मशीनच्या खणात टाकते आहे, कुठं पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. कात्री लावताना मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. तो रंग मला कधीच आवडला नाही, माय. त्या दिवशी बायांच्या मध्ये बसून, इतकं रडू येत असतानासुद्धा, मनात आलं होतं की हिनं निळी का नाही आणली. तू विचारलं असतंस, तर मी निळी म्हटलं असतं.