तिसऱ्या मजल्यावरची समता

४ जानेवारी, सकाळी
संकल्प: या टर्मला लॉच्या वर्गात मुलांनी बोलायचं, मी गप्प. नागरी हक्क आणि खटला चालवण्याचं तंत्र असं भाषणं ठोकून येत नसतं.

त्याच दिवशी, दुपारी
पूर्ण तास मीच बोललो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये आवाज असा घुमतो, की थांबणं जिवावर येतं. विषय: समान संधी. डोळे पाणावले. माझे.

११ जानेवारी
तास सुरू झाला की दाराला कडी. नियम सगळ्यांना सारखा, हीच तर समता. कुबड्या घेऊन येणारी मुलगी आजही उशिरा. गैरहजेरी लावली. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, हे प्रेमानेच सांगितलं. लिफ्ट बंद आहे, तास तळमजल्यावर घ्याल का, म्हणाली. म्हटलं, तिथे आवाज बसतो. कुबड्या सावरत निघाली. पटलं असावं.

१८ जानेवारी
उलटतपासणी शिकवली. छोटे प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. 'का' कधीच विचारायचं नाही; साक्षीदाराला मोकळं रान मिळतं.
घरी बायकोवर प्रयोग करणार होतो. तिनेच आधी विचारलं, दूध तुम्ही आणणार होतात, हो की नाही? साक्षीदार फितूर.

२५ जानेवारी
उद्या झेंडावंदनानंतर सराव खटला. विषय मुलांनीच निवडला: अपंग विद्यार्थिनी विरुद्ध तिचे प्राध्यापक. कल्पनाशक्ती बरी आहे पोरांची. प्राध्यापक मी होणार. न्यायाधीश म्हणून निवृत्त न्यायाधीशबाईंना बोलावलंय. माझा अभिनय बघून थक्क होतील.

२६ जानेवारी
उलटतपासणीला कुबड्यावाली. आज वेळेवर. शिपाई म्हणाला, उजाडायच्या आतच जिना चढायला लागली होती.
कडी तुम्ही लावता? हो. लिफ्ट बंद आहे, माहीत होतं? हो. तळमजल्यावर वर्ग रिकामा होता? हो.
आणि बसली की खाली. मला राहवेना. म्हटलं, अगं, का ते तरी विचार. ती म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलंय, 'का' विचारायचं नाही.
मग मीच आपण होऊन सांगितलं: तिसऱ्या मजल्यावर माझा आवाज छान घुमतो.
वाक्य खरंच छान घुमलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, हे सगळं खोटं खोटं आहे ना?

१ फेब्रुवारी
तास तळमजल्यावर. कडी नाही. तिची हजेरी पूर्ण करून दिली. पहिल्या बाकावर बसते. आवाज बसतो म्हणजे बसतोच. माझं बोलणं लवकरच आटपलं, मग मुलंच बोलत राहिली.
म्हणजे संकल्प मी पाळला.