जोडीदाराची वीस मिनिटं

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार (मान अवघडल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहेत, मी तेवढा गोंधळलो आहे.

माझं काम तुम्हाला माहीत आहेच. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या येतात, मागे पांढरा दिवा असतो, तडा दिसला की बाटली उचलून बाजूला टाकायची. तुम्ही युनियनचे सेक्रेटरी असताना नियम करून घेतलात, की वीस मिनिटं एकाने बघायचं, वीस मिनिटं त्याच्या जोडीदाराने. खरं सांगतो, राग मानू नका, मला तो नियम डोळ्यांत खुपायचा. माझ्या नजरेतून केसाएवढा तडा सुटत नसे, आणि जोडीदाराला (माणूस सज्जन आहे, पण बाटलीची तब्येत विचारत असल्यासारखा बघतो) माझ्याइतकाच मान. म्हणून मी साहेबांना जाऊन सांगितलं, मला विश्रांती नको. त्यांनी पाठ थोपटली, ‘घारीची नजर’ असं छापलेला बिल्ला दिला आणि दुसऱ्याच दिवशी जोडीदाराला गोदामात खोकी उचलायला धाडलं. हे मात्र मी मागितलं नव्हतं.

मग दोन महिने मी एकटाच बघत बसलो आणि तडे वाढू लागले. बाटल्यांना तडे, घरच्या कपांना तडे, सासूबाईंच्या चष्म्याला तडा (तो मी बदलायला लावला, त्या अजून बोलत नाहीत). परवा अख्ख्या पाळीचा माल बाद केला. पुन्हा तपासला तर एकाही बाटलीला काही झालेलं नव्हतं. साहेबांनी बिल्ला काढून घेतला आणि कामावरून का काढू नये म्हणून नोटीस दिली. मी म्हटलं, साहेब, डोळे थकले. तर म्हणाले, घारीची नजर थकत नाही, म्हणजे हे तुम्ही मुद्दामच केलंत.

शेवटी तोंड पाडून युनियनच्या खोलीत गेलो. तिथे जोडीदारानेच नोटिशीला उत्तर तयार केलं होतं. त्यात एक वाक्य आहे: माझी नजर इतर कामगारांसारखीच असून ती थकते. मामा, म्हणजे हुशार राहिलो तर घरी बसायचं, आणि नोकरी हवी तर चारचौघांसारखा आहे असं सहीनिशी कबूल करायचं! मी म्हटलं, हे माझ्याच्याने होणार नाही. तो म्हणाला, “तुझी नजर चांगलीच आहे रे. पण मधली वीस मिनिटं माझी होती.”

तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय. युनियनने माझे गुण दाबून ठेवले होते, की जपून? आणि त्यातले माझे किती?

आपला भाचा

ता. क. दोन महिन्यांपूर्वी युनियनचा राजीनामा तुमच्याकडे पाठवला होता, पुढे द्यायला म्हणून. तुमच्याकडे आलेला कागद खणातून वर्षभर हलत नाही, यावर मी पुष्कळदा हसलो आहे. आज सगळी भिस्त त्यावरच आहे. तो अजून खणातच असेल तर कृपा करून फाडून टाका.

आणखी ता. क. सही केली. रेघ दिसेना, तेव्हा जोडीदाराने माझं बोट धरून तिथे टेकवलं. डॉक्टरांनी माझं लिहिणं बंद केल्यामुळे हे पत्रही मी सांगतोय आणि तो लिहितोय. त्याच्याबद्दलचं कंसातलं वाक्य त्याने जसंच्या तसं लिहिलं, आणि मग वीस मिनिटं झाली म्हणून मला डोळे मिटायला लावले.