वस्तीचं म्हणणं

विश्रांतवाडी, पुणे
४ नोव्हेंबर १९९८

ती. चंपाताईस,
बुद्धभूषणचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. जिवंत असशील तर कळव, एवढाच मजकूर होता, तेव्हा कळवतो की आहे. पूर्वाही ठीक. निकिता कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. इथे सध्या ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायचंय. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा गेलासुद्धा, आणि त्याची आई जिन्यात भेटली की आता अमेरिकेतले किती वाजले ते सांगते. मी मात्र रोज स्कूटरवरून बिबवेवाडीच्या ऑफिसात. मार्केट यार्डाच्या ट्रकांमागे उभं राहून माझी छाती लवकरच बाबांच्या छातीची बरोबरी करील.

पत्रास कारण की, आमच्या ऑफिसकडे आपल्याच बोरडोहच्या खाणीचं काम आलंय. खाणीचा कोळसा संपत आला, पण वस्तीच्या बाजूने उघडी खाण खणली तर ती आणखी पंधरा वर्षं चालेल असं कंपनी म्हणते. त्यावर गावाला काय वाटतं याचा अहवाल आम्ही करायचा आहे. इतक्या लांब माणूस पाठवणं साहेबांच्या जिवावर येतं. मी म्हटलं, माझी बहीणच तिथे राहते. तर ताई, वस्तीत काय बोलतात ते सविस्तर लिही. सरकारी भाषेत नको, मला लिहितेस तसं, अगदी मोकळेपणाने. माझ्या माहितीपुरतं आहे.

बाबांना जयभीम, भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
बुद्धभूषण


बोरडोह, जि. चंद्रपूर
२० नोव्हेंबर १९९८

चि. बुद्धभूषण यास,
चंपाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

एवढं लांब पत्र पाहून मला वाटलं तुझी नोकरीच गेली. काम पडल्याशिवाय पुणेकर शाई खर्च करत नाही, हे तुझ्याकडूनच शिकले.

वस्तीत रोज खाणीचाच विषय आहे. द्वारकाच्या घरी महिला मंडळ बसतं तिथेही तेच. पोरांना खाण हवी, म्हाताऱ्यांना नको, आणि मधल्या वयाची माणसं सकाळी हो म्हणतात, संध्याकाळी नाही. माझं विचारशील तर सांगते. खाण बंद पडली तर आमच्या घरची चूल बंद पडेल. बाबुराव ठेकेदाराच्या डंपरवर आहेत, त्यांना दुसरीकडे कोण घेणार? पंधरा वर्षं ती चालली तर आमचं म्हातारपण सुखात जाईल. पण त्यासाठी वस्ती उठणार असेल, विहीर जाणार असेल, तर मला ती पंधरा वर्षं फुकट दिली तरी नकोत. नवी जागा गावाच्या पलीकडच्या माळावर आहे आणि तिथे पाणी येणार गावाच्या टाकीतून.

गावाचं पाणी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दीक्षा घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ही विहीर खणली, खाणीतली पाळी करून आल्यावर, उरलेल्या ताकदीने. त्याआधी आपली आजी गावच्या विहिरीपाशी कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत बसायची. बाबा म्हणतात, खाणीने माझी छाती घेतली, ती मी दिली. विहीर देणार नाही. हे तुझ्या अहवालात जसंच्या तसं घाल.

बाबांचा खोकला वाढलाय. त्यांना बघायला येशील तेव्हा सगळ्यांना घेऊन ये. सर्वांना आशीर्वाद, आणि मला विसरू नकोस म्हणजे झालं.
तुझी ताई,
चंपा


विश्रांतवाडी, पुणे
१५ डिसेंबर १९९८

ती. चंपाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, खजिना आहे. ऑफिसात काही भाग वाचून दाखवला. साहेब म्हणाले, आमच्या पदवीधरांना असं दोन ओळींत मांडता येत नाही. मी कॉलर ताठ करून घेतली. हा अहवाल पार पडला तर मला नोकरीत कायम करतील असं दिसतंय.

बाबांना इकडे आणावं असं पूर्वाच्या मनात फार आहे. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि निकिताचं वर्ष महत्त्वाचं. थंडी ओसरली की बघू.

फेब्रुवारीत तुमच्याकडे जनसुनावणी आहे. तू पुढच्या रांगेत बस. आमच्या ऑफिसची एक मुलगी अहवाल वाचेल, तिला माझी बहीण म्हणून ओळख दे. लोभ कमी होऊ देऊ नये.
बुद्धभूषण


बोरडोह
२६ फेब्रुवारी १९९९

बुद्धभूषण यास,
चंपाचा जयभीम.

तू सांगितल्याप्रमाणे पुढच्या रांगेत बसले. शाळेच्या मैदानात मांडव होता. कंपनीने बस भरभरून माणसं आणली होती, त्यांना पुरीभाजीची पाकिटं दिली. तुमच्या ऑफिसच्या मुलीने वाचायला घेतलं. वस्तीचं म्हणणं असं एक प्रकरण होतं आणि त्यात माझं नाव होतं. बोरडोहच्या बौद्ध वस्तीतील महिला प्रतिनिधी श्रीमती चंपा म्हणतात की खाण बंद पडली तर आमची चूल बंद पडेल, पंधरा वर्षं ती चालली तर आमचं म्हातारपण सुखात जाईल. तिथेच प्रकरण संपलं. विहिरीचा शब्दसुद्धा नाही.

द्वारका उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिने मला विचारलं, हे शब्द तुझे का? मी काय सांगणार होते? शब्द माझेच होते. पुढचं बोलायला गेले तर सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, वेळ संपली, आणि माईक दुसऱ्याकडे गेला. वीस वर्षं जिच्या मांडीला मांडी लावून बसले तिने मला एवढंच विचारलं की किती घेतलेस.

आता मी विहिरीवर गेले की बायका आपापल्या कळशा उचलून बाजूला होतात. माझं पाणी भरून होईपर्यंत रहाटाला कोणी हात लावत नाही. मग पहिली बाई दोर धुऊन घेते. हे सगळं बाबा ओसरीवरून बघतात. त्यांनी खणलेल्या विहिरीवर त्यांच्या लेकीसाठी दोर धुतला जातो, आणि तो धुणारे आपलेच लोक आहेत. मला रडू येत नाही, मला तुझी चीड येते.

एकच मागणं आहे. तू ये. वस्तीसमोर उभा राहा आणि सांग की ताईने पूर्ण लिहिलं होतं, मी कापलं. बाकी काही नको. बाबा रोज विचारतात की तुझं उत्तर आलं का.
चंपा


विश्रांतवाडी, पुणे
१८ मार्च १९९९

ती. चंपाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण ताई, थोडा विचार कर. मी एकही शब्द पदरचा घातला नाही. अहवालाला लांबीची मर्यादा असते, त्यात प्रत्येकाचं पुढचं-मागचं कसं मावणार? आणि मी तिथे येऊन असं सांगितलं, तर अहवाल खोटा ठरेल, माझी नोकरी जाईल, वस्ती तरीही उठेल. मग फायदा कोणाचा? लोक विसरतात गं. पुण्यात तर ओळखसुद्धा विसरतात.

आनंदाची बातमी म्हणजे मी कायम झालो. खाणीलाही मंजुरी मिळेल असं साहेब म्हणतात. नव्या जागेवर कंपनीने हातपंप बसवलाय, त्याचा पुढच्या अहवालासाठी फोटो हवा आहे. विहीर खणणारा म्हातारा नव्या पंपाचं पाणी पितोय, असा. मी बाबांचं नाव सुचवलं. फोटोग्राफर महिनाअखेरीस येईल. बाबांना स्वच्छ धोतर नेसव आणि थोडं हसायला सांग.

राग धरू नये, लोभ धरावा.
बुद्धभूषण


बोरडोह
९ एप्रिल १९९९

बुद्धभूषण यास,

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मधलं गाळावं असं वाटलं होतं, पण मग तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता? त्यांनी हातपंपापर्यंत सगळं ऐकलं आणि कूस बदलून निजले.

सकाळी उठून त्यांनी कळशी घेतली. मी अडवलं, बाबुरावांनी अडवलं, ऐकलं नाही. सगळ्या बायका पाणी भरत असताना ते रहाटापाशी गेले आणि म्हणाले की हे चंपाच्या घरचं पाणी आहे, दोर धुवायचा असेल तर माझ्यासमोर धुवा. कोणी धुतला नाही. मदतीलाही कोणी पुढे झालं नाही. अर्ध्यावर कळशी आली आणि त्यांचा श्वास अडकला. ते कठड्याला टेकून बसले. द्वारका धावली, तिने आपल्या कळशीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी ते थुंकून टाकलं की घशाखाली गेलंच नाही, मला कळलं नाही. खाणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

अंत्ययात्रेला सगळी वस्ती आली. सगळ्यांनी खांदा दिला. परतताना आमच्या उंबऱ्याच्या आत मात्र एकही माणूस आला नाही.

तुमचा फोटोग्राफर चौथ्या दिवशी आला, कागदावरचं बाबांचं नाव वाचून तात्यारावांना तयार करा म्हणाला. मी त्याला हार घातलेला फोटो दाखवला. त्याने त्याचाच फोटो काढून घेतला, रिकाम्या हाताने परत जाता येत नाही म्हणाला. वस्ती पावसाळ्याआधी खाली करायची नोटीसही त्याच दिवशी लागली.

तुला तार केली नाही. बाबुराव बूथवर फोन करायला निघाले होते, त्यांना मीच दारातून परत आणलं. तू यावंस आणि बाबांचं तोंड बघावंस, हे मला नको होतं. हे मी रागाच्या भरात केलं नाही, शांतपणे केलं, आणि पुन्हा वेळ आली तरी असंच करीन. जाताना त्यांनी तुझं नाव घेतलं होतं. काय म्हणाले ते मी ऐकलंय. ते तुला कधीही सांगणार नाही.

लोभ होता. यापुढे मागू नये.
चंपा