बाटलीतला गाळ

भोर, मंगळवार, ९ जुलै १९६८. संध्याकाळ.

खिडकीतली बाटली पुन्हा बघून आलो. तळाशी गाळ जेमतेम एक बोट. गेल्या आठवड्यात, एवढ्याच पावसात, चार बोटं होता!

बाजारपेठेचं गटार नदीत पडतं तिथं गाळ अडवायला खड्डा खणून घेतला. नगरपालिकेचा ओव्हरसियर मी, आखणी माझीच. खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी बाटलीत भरायचं, दिवसभर निवळू द्यायचं, मग गाळ मोजायचा. तीन आठवडे झाले, कमी होईना. खड्डा लहान पडला म्हणत बसलो.

काल सकाळी बघतो तर गटार झाडणाऱ्या पारूबाईंनी खड्ड्यात दगडांची आडवी ताल, म्हणजे बुटका बांध, रचलेली, एका कडेला फट ठेवून. भडकलो. चारचौघांत नको ते बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सायेब, पानी समोरनं आलं नि सरळ भाईर गेलं, तर गाळ बसंल कवा? आमच्या पासली गावात भाताच्या खाचराला बी असं समोरासमोर तोंड ठेवत न्हाईत. पान्याला वळसा पायजे."

दगड काढायला लावणार, तेवढ्यात पाऊस आला; दगड तसेच राहिले, आणि त्याच पाण्यानं ही बाटली भरली. बरं झालं आला! नाहीतर मी ते काढायलाच लावले असते. एवढं साधं मला का सुचू नये?

एक बोट. फक्त एक बोट.

पारूबाई, तुमचे फार उपकार झाले. हे वहीत लिहायला सोपं आहे. ओरडलो मात्र चारचौघांत. उद्या बाटली घेऊन बाजारपेठेत जायचं, आणि कालच्याइतकंच मोठ्यानं बोलायचं.