आईचा उपयोग सिद्ध करण्याबाबत

प्रति,
मा. वास्तव्य परवाना अधिकारी,
परवाना कार्यालय, दुसरा मजला,
खिडकी क्र. ४ च्या मागील दालन.

विषय : नियम ७ खाली आईचा परवाना नामंजूर झाल्याबाबत फेरविचाराची विनंती, तसेच सदर नियम मीच लिहिल्याची कबुली.

संदर्भ : आपले दि. २ चे नामंजुरीचे पत्र.

महोदय,

सादर करण्यात येते की, मी आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखाली बाक टाकून बसणारा अर्जलेखक आहे. गेली एकोणीस वर्षे आपल्या टेबलावर येणाऱ्या अर्जांपैकी निम्मे माझ्या हातचे असतात. स्वतःसाठी आज प्रथमच लिहीत आहे, तरी अक्षर हलल्यास सांभाळून घ्यावे.

१. मी स्वतः सव्वीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आलो. तेव्हा फॉर्मवर 'येण्याचे कारण' एवढाच रकाना होता. मी 'तिकडे काही जमले नाही' असे लिहिले. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, "बरं, इकडे जमवा" म्हणाल्या आणि शिक्का मारला.

२. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाला नव्याने येणाऱ्यांविरुद्ध निवेदन द्यायचे होते. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचे चष्म्याचे दुकान आहे, बाकावर येऊन म्हणाले, "असं लिहा की साहेबांना नाही म्हणताच येणार नाही. तुम्ही काय, आता आपल्यातलेच." या 'आपल्यातलेच'वर मी विरघळलो, हे प्रांजळपणे नमूद करतो. मला तसे कोणी कधी म्हटले नव्हते. मी तीन मसुदे फाडले. चौथ्यात वाक्य उतरले : 'येणाऱ्याने आपला येथे काय उपयोग, हे आधी सिद्ध करावे; केवळ गरज म्हणजे हक्क नव्हे.' ते मी दोनदा मोठ्याने वाचले. इतका खूश मी स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

३. आपण ते वाक्य विरामचिन्हांसकट नियम ७ केले. त्या दिवशी मी जिन्याखाली सगळ्यांना चहा पाजला. चहा प्यायलेल्यांपैकी चौघांचे अर्ज पुढच्याच आठवड्यात त्या नियमाखाली परत आले. त्यांचे फेरअर्जही मीच लिहिले, आणि तेव्हाही माझे डोळे उघडले नाहीत.

४. आता माझ्या आईचा अर्ज परत आला आहे. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्याजवळ राहणारी माझी बहीण गेल्या हिवाळ्यात वारली. शेजारीण सकाळी दार वाजवून जाते, एवढाच काय तो आधार. आपला शेरा आहे : 'उपयोग सिद्ध होत नाही.'

५. नियमाला धरून मी उपयोग शोधायला बसलो. (अ) ती जुने स्वेटर उसवून नवे विणते. मात्र एक बाही दरवेळी आखूड होते. (आ) मुले झोपवते. मात्र आधी स्वतः झोपते. (इ) पाऊस येणार की नाही हे गुडघ्यावरून सांगते. मात्र पाऊस येऊन गेल्यावर. परक्यांचे मी भलेमोठे उपयोग लिहून दिले आहेत, आईसाठी एक धड ओळ जमेना. मला माझीच लाज वाटली.

६. दारात कोणाला घ्यायचे हे घरातल्यांनी ठरवावे, असेही मी निवेदनात लिहिले होते. ते मला आजही सर्वस्वी चूक वाटत नाही. गल्लीत जागा थोडीच आहे. परंतु अध्यक्षांचे वडील दिवसभर दुकानातल्या खुर्चीत डुलक्या घेतात, त्यांना उपयोग कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. ते इथे जन्मले, यात त्यांचे कर्तृत्व काय, हे मला चारही मसुद्यांत सुचले नाही. आणि मी घरातला नेमका कोणत्या तारखेला झालो, हेही मला सांगता येत नाही.

७. काल आईला फोनवर अडचण समजावली. ती म्हणाली, "खरंय रे त्यांचं. माझा आता कसला उपयोग? पण तुझा होतोय ना तिथे? नसेल होत तर तू इकडे ये. इथे कोणी विचारत नाही."

सबब, आईचा काही उपयोग नाही हे मान्य करून, ती मला हवी आहे एवढ्याच कारणावरून तिला परवाना मिळावा, ही कळकळीची विनंती. नियमात हे बसत नाही. तो लिहिताना मी जागाच ठेवली नव्हती.

आपला नम्र,
आणि नियम ७ पुरता आपला अपराधी,
जिन्याखालचा अर्जलेखक
(सही)
दि. १४, सोमवार

सोबत :
१. आईचा फॉर्म. उपयोगाचा रकाना कोरा सोडला आहे.
२. आईने विणलेला स्वेटर, डावी बाही आखूड. पुरावा म्हणून जोडणार होतो. थंडी असल्याने अंगातच आहे. खिडकीवर दाखवता येईल.