आमटीची वाटी

६ ऑक्टोबर, रविवार
आज प्रार्थनासभेत यांनी पुन्हा साक्ष दिली. "एप्रिलपासून गोळी न्हाय, एक झटका न्हाय. प्रभूनं माझी मिरगी काढून टाकली!"
सगळे हालेलुया म्हणाले. मीही म्हणाले.
गोळी मी रोज वरवंट्यानं कुटते आणि यांच्या आमटीत कालवते.

८ ऑक्टोबर
पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला त्याच दिवशी यांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. मी रडले, भांडले. "तुझा इस्वासच न्हाय," म्हणाले. मग माहेरी जाते सांगून मी धाराशिवहून गोळ्या आणायला लागले.
झटके नाहीत बघून तेरखेड्याच्या फटाका कारखान्याच्या मालकानं यांना परत कामावर घेतलं. दारू भरायला! दिवाळी तोंडावर. कसं थांबवू हे कुटणं?
खरं सांगितलं तर हे जेवण सोडतील, सभाही सोडतील. नाही सांगितलं तर दर रविवारी माझं आमेन खोटं. प्रार्थनेला डोळे मिटते तर वरवंटाच दिसतो. गोळीही तूच दिलीस ना, प्रभू? का मीच आपली मनाची समजूत घालतेय?

९ ऑक्टोबर
आजही कुटली.

१२ ऑक्टोबर
धाकटी यांच्या वाटीत भाकरी बुडवायला गेली. माझा जीव उडाला! पण यांनीच वाटी ओढून घेतली. "तुझी तू घे की!" पूर्वी स्वतः भरवायचे तिला. कामाच्या दगदगीनं चिडचिडे झालेत.

१५ ऑक्टोबर
शेजारच्या भिमाबाई आल्या. नात श्रावस्ती दहावीला आहे, तिलाही मिरगी.
"तुझ्या राजपालचं बघून ठरवलंय बग. रविवारी पोरीला सभेला आणती आन् गोळ्या बंद. लई झोप येती तिला त्यानं."
"मावशी, आधी डॉक्टरला विचारा."
"अगं, घरात एवढा चमत्कार नांदतोय आन् तू डॉक्टर डॉक्टर काय करतीस? तुझ्यापरीस माझाच इस्वास दांडगा म्हणायचा!"
हसत गेल्या. मी वरवंटा हातात घेतला.

१७ ऑक्टोबर
सांगायला निघाले. श्रावस्ती विहिरीवर वाकून घागर ओढत होती. गोळी बंद झाली आणि तिथंच झटका आला तर? तरी वाटेतूनच माघारी आले.
एकट्या भिमाबाईंना सांगून तरी काय? साक्ष सगळ्यांपुढं झालीय. उद्या दुसऱ्या कुणाची तरी पोर.
सभेतच उभी राहणार. यांचं तोंड मला बघवणार नाही. घर राहील का, माहीत नाही. एवढं खरं, की मी हे एकटीनं उचलू शकत नाही. प्रभू, पुढचं तू धर.

१९ ऑक्टोबर
वाटी देताना कलंडली. आमटी सांडली. यांनी बोटानं पुसून घेतली, चाटली.

२० ऑक्टोबर, रविवार
भिमाबाई पोरीला पुढं घेऊन आल्या, हातात गोळ्यांचं पाकीट. मी उठले. "मला साक्ष द्यायचीय—"
एवढंच झालं, तोवर हे उभे. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मावशी, गोळ्या ठेवा पोरीच्या. मी बी खातोय. पहिल्या दिवसापास्नं आमटी कडू लागतीय मला."