किथच्या टीमवर झालेला अन्याय

मेसईद, कतार, सोमवार संध्याकाळ, सप्टेंबर २०००

डोकं अजून तापलेलंच आहे. किथ, आमचा इंग्रज सुपरवायझर, आज दिवसभर केबिनमध्ये धुमसत होता. बाहेर आग ओकणारं ऊन आणि याच्या गळ्यात टीमचा लोकरी मफलर! त्याच्या गावची रग्बी टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अख्खा सीझन पहिली राहिली, फायनलही जिंकली. तरी वरच्या डिव्हिजनमध्ये घेत नाहीत. का, तर मैदान लहान!

मलाही वाईट वाटलं. दर सोमवारी स्कोअर मीच विचारायचो ना त्याला.

चहा झाल्यावर धीर करून म्हटलं, "किथ, फोरमनचं काम दोन वर्षं मीच करतोय. ती जागा मला कधी?"

"काम तुझं उत्तमच आहे," तो म्हणाला, "पण त्या ग्रेडला इंडियन पासपोर्ट चालत नाही. नियमच आहे. लंडनहून माणूस येतोय, त्याला तू शिकव."

खलास. स्वतः काय बोलला, ते त्याच्या कानांवर तरी पडलं का?

निघताना मफलर सारखा करत मलाच विचारतो, "तुला तरी कळतंय ना, केवढा अन्याय आहे हा?"

कळतंय म्हटलं. मला नाही तर कोणाला कळणार!